डावा आरसा

"काका, नक्की कुठलं देऊ?"

दुकानदारानं हे तिसऱ्यांदा विचारलं. काउंटरवर दोन खोकी शेजारी-शेजारी ठेवली होती, एक काळं आणि एक पांढरं. दोन्हींत संगणकाचं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम हे कार्ड करतं, हे मला दहा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. आता माझ्या खिशात वाचनालयाच्या कॅटलॉगची, पुस्तकांची नोंद करायची नऊ पत्रं होती, रबरानं बांधलेली, आणि प्रत्येकावर एकेका कार्डाची कुंडली मी बारीक अक्षरात उतरवून घेतली होती. नाव, लांबी, वीज किती खातं, स्मृती किती. सगळ्यांत खाली 'शेरा' असा एक रकाना छापलेला होता. तो नऊच्या नऊ पत्रांवर कोरा होता.

शेजारी अभिनंदन उभा होता. भूपालअण्णा चौगुल्यांचा जावई. कार्ड अण्णांसाठीच घ्यायचं होतं.

"सांगा काका," तो म्हणाला. "तुम्ही एवढं वाचलंय."

मी दोन्ही खोकी थोडी पुढे सरकवली आणि जे चौतीस वर्षं वाचनालयाच्या काउंटरमागे बसून म्हणत आलो तेच म्हणालो, की दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत.

दुकानदार हसला. प्रसन्न शेटे त्याचं नाव, तिशीतला, राजारामपुरीत छोटं पण नीटनेटकं दुकान. माणूस सरळ होता. महागडं कार्ड त्यानं दाखवलंसुद्धा नव्हतं. तुमच्या संगणकाच्या डब्यात ते बसणारच नाही, तुम्हाला मधलंच लागतंय, हे त्यानंच आधी सांगून टाकलं होतं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. पण ती सांगायची तर आधी अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त गगनबावड्यावरून खाली कोकणात. एकही अपघात नाही. निवृत्तीनंतर ते आमच्या वाचनालयात यायला लागले, खरं तर पंख्याखाली बसून पेपर वाचायला. एक दिवस काउंटरवर येऊन म्हणाले, एखादं चांगलं पुस्तक द्या. मी नेहमीप्रमाणे तीन काढून ठेवली.

"तीन न्हाई सर, एक सांगा," ते म्हणाले. "स्टँडात तीन गाड्या एकदम लावल्या तर पॅसेंजरनं चढायचं कशात?"

मी म्हटलं, आपली आवड आपल्याला ठाऊक. त्यांनी डोळे बंद करून मधलं उचललं आणि जाताना वळून म्हणाले, "ह्या माणसाला कंडक्टर करायला नको. तिकीट कुठलं फाडू म्हणत बसंल."

मी पुस्तक सुचवत नसे, त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिक्षकांना मोठ्या उत्साहानं एक कादंबरी हातात दिली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती न बोलता काउंटरवर ठेवली आणि निघून गेले. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून मी तीन काढायला लागलो.

अण्णांचं आणि माझं जमलं ते मला आजही थोडं नवलाचं वाटतं. ते बोलायचे, मी ऐकायचो. मी निवृत्त झाल्यावरही ते रोज संध्याकाळी येऊन मला घराबाहेर काढत आणि आम्ही कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसत असू. एसटीतल्या गोष्टींतली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी सोडायची, हा नियम. पण अण्णा घंटी झाल्यावरही लगेच सोडत नसत. आधी डावीकडच्या आरशात बघत, दाराशी. कोणाचा पाय पायरीवर, पदर दारात, पिशवी अडकलेली. मगच क्लच.

"घंटी कंडक्टरची, आरसा माझा," असं ते म्हणत. नव्या ड्रायव्हरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

त्या वर्षी जानेवारीत अण्णांना झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात, उजवा पाय शाबूत राहिला. डावा हात आणि पाय कमजोर झाले. पण त्याहून विचित्र गोष्ट दुसरीच होती. अण्णांच्या लेखी जगाला डावी बाजूच उरली नाही.

दिसत नव्हतं असं नाही. डोळे चांगले होते. मनच तिकडे जात नव्हतं. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि भूक असूनही हात धुवायला पाणी मागायचे. डावीकडची भाकरी तशीच. त्यांची मुलगी त्रिशला ताट अर्धं फिरवायची, मग ती भाकरी त्यांना नव्यानं सापडायची. दाढी उजव्या गालाची करायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या शबाना मुजावर मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं, की पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत, तेवढ्यात मन डावीकडे वळायला लागलं तर लागलं. डावीकडं बघा असं सांगून उपयोग नाही. तिकडं बघायचं कारण द्या.

म्हणून त्यांनी दोन नियम घातले. पाण्याचा तांब्या डावीकडे. आणि येईल त्यानं स्टुलावर बसायचं, स्टूल पलंगाच्या डावीकडे.

मी रोज पाच वाजता जाऊन त्या स्टुलावर बसायचो आणि पेपर मोठ्यानं वाचायचो. अण्णा समोरच्या भिंतीकडे, नाहीतर उजवीकडे दाराकडे बघत पडून असायचे.

मार्चमध्ये अभिनंदन बेंगळुरूहून आला तो एक कल्पना घेऊन. तो तिकडे संगणकाच्याच कंपनीत होता. बस चालवायचा एक खेळ असतो, म्हणाला, आणि हौशी पोरांनी त्यात आपली लाल एसटीही घातलीय, डावीकडे दार, उजवीकडे स्टिअरिंग, घाटसुद्धा. खेळासाठीचं स्टिअरिंग आणि पेडल तो सोबतच घेऊन आला होता. घरातला संगणक टीव्हीला जोडला, अण्णांना खुर्चीत बसवलं. त्यांचा डावा हात मॅडमनी उचलून स्टिअरिंगवर ठेवला. पडद्यावर एसटीची पुढची काच, वायपर, स्टँडाचा फलाट. अण्णांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग त्यांनी उजवीकडे बघितलं आणि कपाळाला आठी पडली.

"आरसा कुठाय?"

अभिनंदननं सांगितलं, की आरसे मुद्दाम बंद केलेत, जुनं कार्ड आहे, आरसे चालू केले की गाडी अडखळते. शिवाय हा खेळ आहे, त्यात आरशांचं काही अडत नाही. पोरं गाडीच्या मागून बघत चालवतात.

"बिनआरशाची गाडी डेपोतनं भाईर काढत न्हाईत," अण्णा म्हणाले आणि हात खाली घेतला.

त्यानं आरसे चालू केले. उजव्या आरशात पुसट करडा ठिपका दिसायला लागला आणि गाडी अडखळायला लागली. ब्रेक आत्ता दाबावा आणि गाडी अर्ध्या सेकंदानं थांबावी, असं. अण्णांनी दोन वळणं कशीबशी घेतली. त्यांना घाम फुटला.

"बंद कर. ही माझं ऐकत न्हाई. हिला वर्कशॉपला लाव."

त्यानंतर चार दिवस ते खुर्चीत बसायलाही तयार होईनात. व्यायामालाही नाही. मुजावर मॅडम आल्या की डोळे मिटून घ्यायचे. अभिनंदन म्हणाला नवीन कार्ड टाकू, आणि त्रिशला माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही वाचून ठेवता का जरा? ह्याला सुट्टीतही ऑफिसचे फोन असतात."

वाचणं मला जमतं. पुढचे दहा दिवस मी वाचलं.

कार्डांवर लिहिणारी माणसं जगभर आहेत आणि ती फार चोख असतात हे मला समजलं. कुठलं कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं याचे तक्ते असतात, लांबच लांब. व्हिडिओही होते, पण त्यातली मुलं इतकी भरभर बोलत की मी तक्त्यांवरच राहिलो. सगळ्या तक्त्यांत काळं पांढऱ्याच्या पुढे होतं. नवीन होतं, वेगवान होतं. त्याची स्मृती तेवढी कमी, आठ जीबी, आणि पांढऱ्याची बारा. पण त्यानं फरक पडत नाही असं बहुतेकांचं म्हणणं.

पुस्तक हातात आलं की मी आधी पहिल्या पानामागचा बारीक मजकूर वाचतो. आवृत्ती कितवी, छापलं कुठं. ती सवय जात नाही. तक्त्यांखालचा बारीक मजकूरही मी वाचत गेलो. बहुतेकांनी बसचा खेळ घेतलाच नव्हता, मारामारीचे आणि मोटारशर्यतींचे खेळ घेतले होते. दोघांनी घेतला होता. त्या दोघांच्याही तक्त्याखाली, अगदी लहान टाइपात, एक ओळ होती. आरसे कमीत कमीवर.

म्हणजे काळं जिंकलं होतं ते आरसे झाकून.

कुठल्याशा युरोपातल्या गावातल्या एका निवृत्त ट्रामड्रायव्हरनं इंटरनेटवरच्या एका चर्चेत विचारलंही होतं, की पूर्ण आरसे लावून कोणी मोजलंय का. त्याला सात जणांनी उत्तर दिलं होतं, आरसे कमी करा. त्यानंतर तो पुन्हा काही लिहायला आला नव्हता. त्या माणसाबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

तर अशा तयारीनं मी त्या शनिवारी दुकानात उभा होतो. अभिनंदनला दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, पुढची रजा दीड महिन्यानं. कार्ड बसवणार तोच. दीड महिना अण्णांना घालवायचा नव्हता.

"काका काळंच घ्या," प्रसन्न म्हणाला. "माझ्याकडनं दहातली आठ जणं हेच नेतात. आरसे थोडे कमी ठेवा, लोण्यासारखं पळतंय."

"आरसे कमी ठेवायचे नाहीत," मी म्हणालो.

माझा आवाज मला हवा त्यापेक्षा मोठा आला. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मी खाली बघून पण तसंच पुढे बोललो, की दोन्ही कार्डं लावून, खेळ सुरू करून, आरसे पूर्ण ठेवून मला बघायची आहेत.

प्रसन्ननं डोकं खाजवलं. काळं त्याच्या स्वतःच्या संगणकात बसवलेलं होतं, ते दाखवायला त्याची काहीच हरकत नव्हती. पांढऱ्याचं मात्र एकच खोकं होतं आणि ते सीलबंद. सील फोडलं की ते दुसऱ्या कोणाला नवं म्हणून देता येणार नाही. ते बघायचं असेल तर आधी घ्यायचं आणि मग बघायचं.

अभिनंदननं खेळ सोबत आणला होता. प्रसन्नच्या संगणकावर चढवला. पडद्यावर लाल गाडी आली, आरसे कमी होते, आणि खरंच लोण्यासारखी पळाली. अभिनंदननं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता आरसे पूर्ण करा, दोन्ही, आणि स्टँडात घ्या, जिथं माणसं चढतात.

घाटात ठीक चाललं होतं. स्टँडात गाडी वळली, आरशात फलाट आला, माणसं आली, मागच्या गाड्या आल्या, आणि चित्र थबकलं. पुन्हा चाललं. पुन्हा थबकलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रसन्ननं आकडे लावून ठेवले होते. मी चष्मा कपाळावर सरकवून जवळ गेलो. कार्डाचा वेग शिल्लक होता. स्मृती मात्र काठोकाठ भरली होती. दर थबक्याला तोच आकडा.

"एवढं चालतंय काका," प्रसन्न म्हणाला. "पोरं याकडं लक्षपण देत नाहीत."

अभिनंदन मात्र गंभीर झाला होता. "पण काका, हे अडखळलं म्हणून पांढरं अडखळणार नाही कशावरून? ते तर याच्याहून हळू आहे. आणि एकदा उघडलं की परत नाही."

प्रश्न बरोबर होता. दुसरा कुठला दिवस असता तर मी म्हटलं असतं, हो बुवा, तेही खरंच. माझ्या तोंडावर ते आलंही होतं. पण मला ते सगळं आमच्या वाचनालयाच्या रूपात दिसत होतं, आणि वाचनालय मला कळत होतं.

मी त्याला सांगितलं, की आमच्याकडे नाना म्हणून एक शिपाई होता, अतिशय चपळ. पण काउंटरमागचं टेबल लहान. परीक्षेच्या दिवसांत एकदम वीस मागण्या यायच्या, टेबलावर आठच पुस्तकं मावायची, बाकीच्यांसाठी नाना पुन्हा पुन्हा तळघरात पळायचा आणि लोक रांगेत ताटकळायचे. पुढे टेबल मोठं केलं. नाना तोवर म्हातारा झाला होता, हळू चालायचा. पण रांग थांबली नाही.

"इथं शिपाई कमी पडत नाहीये," मी म्हणालो. "टेबल कमी पडतंय. दोन आरसे म्हणजे तीच सगळी गर्दी आणखी दोनदा टेबलावर. पांढऱ्याचं टेबल मोठं आहे. शिपाई हळू आहे, पण अण्णांना कुठं शर्यत लावायचीय? त्यांना एका चालीनं जायचंय."

प्रसन्ननं हाताची घडी घातली. "काका, हे मी उद्यापासनं गिऱ्हाइकाला सांगणार बघा."

"नक्की ना?" अभिनंदन म्हणाला.

"पांढरं द्या," मी प्रसन्नला म्हणालो. "एकच."

सील त्यानं माझ्यासमोर फोडलं. मी त्याच्याकडून पेन घेतलं, पांढऱ्याचं पत्र गठ्ठ्यातून काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हे घ्यावे'. पण तिथं बसवून बघायला वेळ घालवला नाही. मला ते अण्णांच्या समोरच बघायचं होतं.

रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. अभिनंदननं विचारलं, काका, आरशांचं तुम्ही एवढं लावून धरलंत ते अण्णा रागावले म्हणूनच ना? उजवा आरसा तर थोडा बरा दिसला असता की काळ्यावरही.

मी हो म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. अण्णांनी आरसा मागितला तो उजवा. डावा नाही हे त्यांना जाणवलंही नव्हतं. मला हवा होता डावा. एकतीस वर्षं ज्या माणसानं घंटी ऐकून डावीकडे मान वळवली, त्याचं मन विसरलं असेल, पण मान विसरली असेल का? मुजावर मॅडम कारण द्या म्हणत होत्या. भाकरी हे अण्णांना पुरेसं कारण नव्हतं. दारात लटकलेला पॅसेंजर कदाचित असता. पण तो पॅसेंजर आरशात स्पष्ट दिसायला हवा, ठिपका नको.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. त्रिशला चहा घेऊन आली. अण्णा दाराकडे बघत तिला म्हणाले, "रेडिओ बारीक कर गं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "वाचनालयवालं सर येत न्हाईत ना आताशा." ती म्हणाली, अण्णा, हे काय, सर इथंच आहेत, तुमच्या डावीकडं. त्यांनी तिनं सांगितलं म्हणून मान वळवली. उजवीकडे. खिडकी बघितली, खिडकीतलं तुळशीचं डबडं बघितलं आणि म्हणाले, "असूदे. आजारी माणसाकडं रोज रोज कोण येतंय."

त्रिशलाचे डोळे भरून आले. मी पेपरची पुढची बातमी वाचायला घेतली.

स्टूल उचलून पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवलं असतं तर मी त्यांना त्याच क्षणी दिसलो असतो. एकदा उचललंही होतं. मग मुजावर मॅडमचं बोलणं आठवलं. मी उजवीकडे गेलो तर त्यांना डावीकडे यायचं एक कारण कमी होणार होतं. मी स्टूल होतं तिथं ठेवलं. लोकांना न दिसण्याची मला जन्माची सवय आहे, काउंटरमागे बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, लोक पुस्तकाकडे बघतात. पण अण्णांना दिसायची मला सवय लागली होती. ती मोडताना जड गेलं.

घरी पोचल्यावर अभिनंदननं संगणकाचा डबा उघडला. मी आदल्या आठवड्यात आतली जागा टेपनं तीनदा मोजली होती, तरी कार्ड आत जाईपर्यंत मी वाकून बघत राहिलो. बसलं. दोन बोटं जागा उरली. तोवर मुजावर मॅडमही आल्या. खेळ चालू झाला, अभिनंदननं आरसे पूर्ण केले, दोन्ही, आणि अण्णांना खुर्चीकडे आणायला गेला. ते नको म्हणत होते.

"अण्णा, गाडी वर्कशॉपमधनं आलीय," त्रिशला म्हणाली. "बघून तर घ्या."

"कुणी केली?"

"वाचनालयाच्या हुपरीकर सरांनी."

अण्णा उठले. खुर्चीत बसले. डावा हात मॅडमनी स्टिअरिंगवर ठेवला, वर आपला हात धरून राहिल्या. मी माझ्या जागी, स्टुलावर, टीव्हीच्या डाव्या कडेपाशी बसलो.

पडद्यावर स्टँड होता. अण्णांनी उजव्या आरशात बघितलं. मागं एक दुधाचा टेम्पो उभा होता, त्याच्या काचेवरची लिंबू-मिरचीसुद्धा दिसत होती. अण्णांनी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. गाडी जागच्या जागी तेवढीच हलली, तेव्हाच हलली. त्यांच्या तोंडून हुंकार आला. डेपोत गाडी ताब्यात घेताना ते असेच हुंकारत असणार.

मग घंटी झाली. दोनदा.

"चला अण्णा," अभिनंदन म्हणाला.

अण्णांचा पाय ब्रेकवर होता. तो निघाला नाही.

पुन्हा दोनदा घंटी. खेळातला कंडक्टर त्याच्या वेळेप्रमाणे मारत होता. अभिनंदन पुढे होऊन काहीतरी सांगणार होता, मॅडमनी दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. अण्णा समोर बघत होते. कपाळावर आठी होती, काहीतरी राहून गेलंय आणि काय ते आठवत नाही, अशी. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेले दोन शब्द आठवले. ते मी खोडणार नव्हतो. डावा आरसा माझ्या हाताच्या अंतरावर लखलखीत होता. त्यात फलाट होता, दार होतं, आणि दाराशी डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई एक पाय पायरीवर ठेवून उभी होती.

अण्णांची मान हलली.

आधी थोडीच, समोरच्या काचेच्या मधोमध आली आणि थांबली. दोन महिने ती तिथंच थांबत आली होती. मग पुढे सरकली. वायपरच्या पलीकडे. खांबाच्या पलीकडे. मॅडमचा हात स्टिअरिंगवरून अलगद निघाला तरी अण्णांचा डावा हात तिथंच राहिला. त्यांचे डोळे आरशावर आले.

"चढू दे तिला," ते हळूच म्हणाले. "घाई काय हाय."

बाई चढली. आरसा मोकळा झाला. पण अण्णांचे डोळे लगेच परत गेले नाहीत. आरशाच्या कडेवरून ते आणखी डावीकडे उतरले, टीव्हीच्या बाहेर, भिंतीवर, आणि मग स्टुलावर. माझ्यावर. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पेपरची घडी धरून बसलो होतो. ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

"सर," ते म्हणाले. "कवा आलासा?"

त्रिशलानं तोंडावर पदर घेतला.

"आत्ताच," मी म्हणालो.

"मग चढा की. दारात कशाला हुबं ऱ्हायलाय."

मी स्टूल थोडं पुढे ओढून घेतलं. घंटी झाली, दोनदा. अण्णांनी डाव्या आरशात बघितलं, आरशापलीकडे माझ्याकडे बघितलं, मी नीट बसलोय याची खात्री करून घेतली, आणि गाडी सोडली.